फिल्टर नसलेले हवाशुद्धी यंत्र: आमच्या सोसायटीत झालेली फसवणूक

फिल्टर बदलण्याचा खर्च नाही, यंत्रातून 'सक्रिय प्राणवायू' बाहेर पडतो आणि कोपऱ्याकोपऱ्यातील जंतू मरतात, असे सांगून गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीत विकले गेलेले यंत्र प्रत्यक्षात आयन (विद्युतभारित कण) आणि ओझोन वायू सोडणारे आहे. शेजारी पुनर्विकासाचे बांधकाम सुरू असल्याने घराघरांत धूळ होती आणि माझ्या वडिलांना दमा आहे. विक्रेत्याने हे दोन्ही आधी विचारून घेतले आणि मगच २२,००० रुपयांचा आकडा सांगितला.

प्रात्यक्षिक मात्र बेमालूम होते. काचेच्या छोट्या पेटीत उदबत्तीचा धूर कोंडला, आत यंत्र सुरू केले आणि बघता बघता पेटी स्वच्छ झाली. शेजारी ठेवलेल्या मीटरवरचा सूक्ष्म धूलिकणांचा आकडाही झरझर उतरला. आयनांमुळे धुराच्या कणांना विद्युतभार मिळतो आणि ते जवळच्या पृष्ठभागाला चिकटतात, एवढाच तो चमत्कार. पेटीत काच हाताच्या अंतरावर असते. खोलीत तेच कण भिंतीवर आणि पडद्यांवर बसतात, आणि झाडू फिरला की पुन्हा हवेत येतात. शिवाय तो मीटर फक्त कण मोजतो, ओझोन मोजत नाही.

घरी यंत्र लावल्यावर झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा उग्र वास येऊ लागला, जो 'शुद्ध हवेचा गंध' असल्याचे आम्हाला फोनवर सांगण्यात आले. वडिलांचा खोकला वाढला. यंत्रामागच्या भिंतीवर काळपट डाग उमटला आणि त्याच टेबलावर औषधांच्या पाकिटांना गुंडाळलेल्या रबरांना बारीक चिरा पडून ती ताणताच तुटू लागली. ओझोन रबराचे हेच करतो. श्वासनलिकेचाही तो दाह करतो आणि दमा बळावतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे म्हणणे स्पष्ट आहे: आरोग्यास सुरक्षित पातळीवर ओझोन हवेतील प्रदूषके फारशी काढू शकत नाही. कॅलिफोर्नियात तर हवाशुद्धी यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर दहा लाख भागांत ०.०५० भाग अशी मर्यादा आहे. लिंबाच्या वासाच्या फिनाइलने फरशी पुसणाऱ्या घरांत आणखी एक भर पडते, कारण त्या सुगंधी द्रव्यांशी ओझोनची अभिक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड आणि नवे अतिसूक्ष्म कण तयार होतात.

धुळीवर खात्रीचा उपाय म्हणजे पंख्याने हवा ओढून खऱ्या हेपा फिल्टरमधून गाळणे. असा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. 'हेपासारखा' असे छापले असेल, तर ती हमी नसते. हेपा वायू आणि वास अडवत नाही, त्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, आणि तोही भरपूर. जाळीवर भुरभुरलेला थर लवकरच निकामी होतो. अतिनील दिवा धुळीला काहीच करत नाही, आणि वेगाने वाहणाऱ्या हवेतील जंतूंवर प्रकाश पुरेसा वेळ पडला नाही तर तेही वाचतात. खरेदीपूर्वी विचारायचा आकडा म्हणजे सीएडीआर, अर्थात यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देते. १५० चौरस फुटांच्या, १० फूट उंच खोलीतील हवा तासाला पाच वेळा गाळायची, तर सुमारे २१० घनमीटर क्षमता हवी. आमच्या पत्रकात हा आकडाच नव्हता. होते ते '९९.९ टक्के जंतुनाश' हे वाक्य, ज्याला चाचणी कक्षाचे आकारमान आणि कालावधी कळल्याशिवाय काही अर्थ नाही.

वापरलेले यंत्र परत घेत नाही, असे कंपनीने कळवल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करत आहे. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तिथे शुल्क लागत नाही. ज्या शेजाऱ्यांनी हे यंत्र घेतले, त्यांनी ते बंद ठेवावे, पण पावती आणि छापील पत्रक रद्दीत घालू नये. कंपनीने संकेतस्थळावरील 'सक्रिय प्राणवायू'चा मजकूर आता काढून टाकला आहे.