दोन जादूगारांचा मेळ : २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’चे परीक्षण

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून काल्पनिक पात्रे रंगवायच्या खेळाचे २०२४ साली आलेले ‘प्लेअर्स हँडबुक’ हे नियमपुस्तक ३८४ पानांचे आहे आणि त्यात १२ क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार (ड्रुइड, वॉरलॉक, सॉर्सरर, क्लेरिक, विझार्ड हे जादू करणारे, फायटर हा लढवय्या), व त्यांचे ४८ सबक्लास, म्हणजे उपप्रकार, आहेत. मी मात्र ते एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी घेतले. २०१४ च्या नियमांवर आमच्या गटाने बरीच वर्षे जादूगार पात्रे रचली आणि दोन साधे नियम जोडून तिसराच परिणाम घडवण्याचा आनंद मनापासून घेतला. तो आनंद नव्या नियमांत उरला आहे का? माझे मत असे झाले आहे की, एकाच पात्राच्या कागदावर जमणाऱ्या युक्त्यांना या पुस्तकाने पुष्कळ आवर घातला आहे, पण दोन खेळाडूंनी मिळून साधायच्या युक्त्यांना चांगला वाव दिला आहे.

याचे मूळ कॉन्सन्ट्रेशनच्या, म्हणजे काही मंत्र चालू राहावेत म्हणून लक्ष एकवटून ठेवण्याच्या, नियमात आहे. जादूगाराला असा एकच मंत्र एका वेळी धरून ठेवता येतो आणि मार बसला की १० किंवा झालेल्या नुकसानीच्या निम्मा, यांपैकी जो आकडा मोठा असेल त्याविरुद्ध मंत्र टिकवण्यासाठी सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, करावा लागतो. त्यामुळे मेळाचा अर्धा भाग बहुधा शेजारच्या खेळाडूकडूनच यावा लागतो. ड्रुइडने ‘स्पाइक ग्रोथ’ टाकला की २० फूट त्रिज्येची जमीन काटेरी होते आणि तिच्यावरून सरकणाऱ्या शत्रूला दर ५ फुटांमागे चार बाजूंच्या दोन फाशांइतके, म्हणजे सरासरी ५, नुकसान होते. आता पाचव्या पातळीचा वॉरलॉक ‘एल्ड्रिच ब्लास्ट’चे दोन किरण सोडतो, ‘अ‍ॅगोनायझिंग ब्लास्ट’ ही नुकसान वाढवणारी क्षमता हाताशी असेल आणि करिष्मा हा गुण १८ असेल, तर दोन्ही किरण लागल्यावर सरासरी १९ नुकसान होते. त्याने ‘रिपेलिंग ब्लास्ट’ही घेतले असेल, तर प्रत्येक किरण शत्रूला १० फूट ढकलतो आणि त्या २० फुटांच्या फरफटीत काट्यांमुळे आणखी सरासरी २० नुकसान होते. वॉरलॉकचा एकही स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) खर्च न होता त्याचा मारा दुपटीहून अधिक होतो, आणि तो होतो तो ड्रुइडने काटे आधी नेमक्या जागी पसरले म्हणून. नव्या आवृत्तीत हा धक्का ‘लार्ज’ किंवा त्याहून लहान आकाराच्या शत्रूलाच बसतो, आणि ही मर्यादा मला रास्त वाटते.

एका पाळीत मंत्रासाठी एकच स्लॉट खर्च करता येईल, हा नवा नियम तर मला फारच आवडला. पूर्वी बोनस अ‍ॅक्शनचा (पाळीतल्या जास्तीच्या छोट्या कृतीचा) मंत्र टाकला की त्याच पाळीत कॅन्ट्रिपखेरीज (स्लॉट न लागणाऱ्या साध्या मंत्राखेरीज) दुसरा मंत्र टाकता येत नसे, आणि ते नवख्या खेळाडूला समजावता समजावता बराच वेळ जाई. आता ‘फे टच्ड’ या फीटमुळे (पात्राने निवडलेल्या खास कौशल्यामुळे) विनास्लॉट मिळणारा, क्षणात दुसरीकडे पोहोचवणारा ‘मिस्टी स्टेप’ वापरून घेऱ्यातून निसटायचे आणि त्याच पाळीत मागे वळून ‘फायरबॉल’ टाकायचा, हे सरळ नियमात बसते.

माझी खरी तक्रार एकच मंत्र दोघांना लागू करणाऱ्या ‘ट्विन्ड स्पेल’ या सोयीविषयी आहे. पूर्वी सॉर्सरर वेग वाढवणारा ‘हेस्ट’ एकाच वेळी दोन साथीदारांवर टाकू शकत असे. स्वतः मागे उभा राहून इतरांना पराक्रम करू देणारा इतका उदार मेळ दुसरा नव्हता. आता वरच्या पातळीच्या स्लॉटने जे मंत्र आणखी एका जिवाला लागू होतात, त्यांनाच ही सोय मिळते आणि ‘हेस्ट’ त्यांत नाही. ही सोय पूर्वी फार स्वस्त होती हे मला मान्य आहे, पण मग किंमत वाढवायची होती, दारच बंद करायला नको होते.

याउलट ‘स्पिरिट गार्डियन्स’ या मंत्राचे दार जरा जास्तच उघडले गेले आहे. क्लेरिकभोवतीचे १५ फुटांचे वलय आता सरकत जाऊन शत्रूला स्पर्शले तरी त्याला सेव्हिंग थ्रो करावा लागतो, आणि हे प्रत्येक पाळीत एकदा घडू शकते. म्हणजे क्लेरिक आपल्या पाळीत चालला, मग फायटरने आपल्या पाळीत क्लेरिकला पकडून पुढे ओढले, की त्याच शत्रूला एकाच फेरीत (सर्वांची एकेक पाळी होईपर्यंत) पुन्हा मार बसतो. नियमाच्या अक्षरात हे बसते. तरी आमच्या गटाने ते फेरीतून एकदाच मोजायचे ठरवले आणि प्रत्येक गटाने खेळ सुरू होण्यापूर्वीच डन्जन मास्टरशी, म्हणजे खेळ चालवणाऱ्याशी, यावर बोलून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

‘कॉन्जर अ‍ॅनिमल्स’मधून आठ-आठ प्राणी येऊन सगळ्यांना ताटकळत ठेवत, ते थांबले, आणि शत्रूला कोंडणाऱ्या ‘फोर्सकेज’ला कॉन्सन्ट्रेशन लागू झाले, दोन्ही बदल योग्यच आहेत. इव्होकर या सबक्लासच्या विझार्डला मात्र साथीदारांना आपल्याच मंत्रातून वाचवणारे ‘स्कल्प्ट स्पेल्स’ दुसऱ्याऐवजी सहाव्या पातळीला मिळते, तर ‘फायरबॉल’ पाचव्यालाच हाती येतो, त्यामुळे मधली एक पातळी साथीदारांना जपून उभे राहावे लागते.

अशा मेळांचा सगळा भार शब्दांच्या नेमक्या अर्थावर असतो, म्हणून पुस्तकाच्या अखेरीस दिलेला नियमांचा कोश मला सर्वांत मोलाचा वाटला. वाद निघाला की आम्ही आधी तेच पान उघडतो. ज्यांना लगेच खर्च करायचा नाही, त्यांनी २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुला झालेला ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.२’ हा मूळ नियमांचा दस्तऐवज उतरवून घ्यावा. त्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आहे आणि ‘फे टच्ड’ नाही, पण ड्रुइड आणि वॉरलॉकची वर सांगितलेली जोडी त्याच्या आधारे पुरेपूर खेळता येते.