परसातल्या कोंबड्यांना अझोला की वाळवी?

गावरान कोंबडी दिवसभर उकिरडा उकरून पोट भरते, संध्याकाळी मूठभर ज्वारी किंवा तांदळाच्या कण्या मिळाल्या की झालं. कमी पडतात ती प्रथिनं. विकतचं खाद्य नको असेल तर दोन सोपे मार्ग आहेत.

अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं. त्यासाठी सावलीत उथळ खड्डा, त्यात प्लास्टिकचा कागद, चाळलेली माती, शेणकाला आणि चार-पाच इंच पाणी. वाळलेल्या अझोल्यात 20 ते 25 टक्के प्रथिनं असतात खरी, पण ताज्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणून तो जोडखाद्यच. शेणाचा वास जाईपर्यंत धुवूनच घाला. कडक उन्हाळ्यात तो पिवळा पडतो.

वाळवीला खर्च शून्य. जुन्या मडक्यात ओलं गवत, गोणपाटाचे तुकडे आणि शेण कोंबायचं, वाळवीच्या जागी संध्याकाळी पालथं घालायचं. सकाळी उचलून अंगणात झटकलं की पिल्लं अक्षरशः तुटून पडतात! धो धो पावसात मात्र हा उद्योग जमत नाही. आणि कीटकनाशक मारलेल्या जागेची वाळवी चुकूनही देऊ नका.

पिल्लं असतील तर मी वाळवीच निवडेन. मोठ्या कोंबड्यांना रोजचा हिरवा घास म्हणून अझोला बरा. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना अंड्याच्या कवचाचा चुराही हवाच.