खोक्यावर ‘एफपीजीए’ लिहिलंय, आत काय आहे?

चोवीस हजारांचा डबा. जाहिरात अशी: ‘कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, अमिगा ५००. शंभर टक्के एफपीजीए, एमुलेशन अजिबात नाही. १२८ एमबी रॅम, २५६ जीबी कार्ड.’ ही तिन्ही ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकांची नावं. एफपीजीए म्हणजे आतली जोडणी बदलून हवं ते सर्किट बनवता येणारी चिप, एमुलेशन म्हणजे प्रोग्रॅमने केलेली नक्कल. चार स्क्रू काढल्यावर आत निघाला टीव्ही बॉक्समध्ये असतो तसला चार कोरचा एआरएम बोर्ड. मुख्य चिपवर गोंदाने पक्का बसवलेला निळा हीटसिंक, त्यावर इवलासा पंखा. एफपीजीए औषधालाही नाही.

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: “सर, चिप हीटसिंकच्या खाली आहे. तो काढलात तर वॉरंटी जाईल.” या धंद्याची सगळी गोम या दोन वाक्यांत आहे. हीटसिंक काढता येत नाही, म्हणून चिपवरची अक्षरं वाचता येत नाहीत आणि ग्राहक गप्प बसतो. खरं म्हणजे चिप ओळखायला हीटसिंकला हातही लावावा लागत नाही.

हा माल खपतो, कारण पडद्यावर एफपीजीए आणि एमुलेटर दोन्ही सारखेच दिसतात. १९८२ च्या स्पेक्ट्रममध्ये ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर होता आणि फेरांटीची यूएलए चिप चित्र काढायची. एफपीजीएमध्ये ही दोन्ही सर्किटं लॉजिकच्या हजारो घटकांतून प्रत्यक्ष जोडली जातात आणि खऱ्या यंत्रासारखी एकाच वेळी चालतात. एमुलेटरमध्ये एक प्रोग्रॅम एआरएम प्रोसेसरवर बसून त्यांची नक्कल करतो. एमुलेटर वाईट नसतो, उलट चांगला एमुलेटर तीन-चार हजारांच्या बोर्डावर झकास चालतो. पण तो चोवीस हजारांना, दुसऱ्याच नावाने गळ्यात मारणं म्हणजे सरळ चुना लावणं. आपल्याकडे गिऱ्हाईकही तयार आहे. डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवान्याखाली ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ भारतात आणला होता. त्यावर ‘बेसिक’ भाषा शिकलेली पोरं आता पन्नाशीला टेकली आहेत, खिशात पैसे आहेत आणि जुन्या यंत्राची ओढ आहे.

विक्रेते पुरावा म्हणून जे दाखवतात, त्यातलं बरंचसं पुरावाच नसतं. ‘बघा, लिनक्स सुरू होतंय’ हे दोन्हीकडे खरं आहे. जुनी यंत्रं एफपीजीएवर उभी करणारा खुला प्रकल्प म्हणजे मिस्टर, अलेक्सी मेलनिकोव यांनी सुरू केलेला. त्याचा बोर्ड डीई१०-नॅनो. त्यावरच्या अल्टेराच्या सायक्लोन ५ चिपमध्ये एफपीजीएच्या जोडीला दोन कोरचा एआरएम कॉर्टेक्स-ए९ प्रोसेसर असतो आणि त्यावर लिनक्सच चालतं. स्पेक्ट्रमच्या बॉर्डरवर रंगीत पट्ट्या नाचवणारे डेमोही काही सिद्ध करत नाहीत. ४८के स्पेक्ट्रमची एक फ्रेम ६९,८८८ टी-स्टेटची (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांची) असते, आणि हे गणित आजचे चांगले एमुलेटरही बिनचूक पाळतात. मेनूचा रंग, केसवरचं स्टिकर, व्हिडिओतला गेम, कशालाच किंमत देऊ नका.

पुरावा जेटॅगमधून, म्हणजे चिपशी थेट बोलायच्या तपासणीच्या वाटेतून, मिळतो. डीई१०-नॅनोवर ही वाट संगणकाला जोडणारा यूएसबी ब्लास्टर बसवलेलाच असतो. त्याच्या मिनी-यूएसबी सॉकेटला केबल लावा (दुसरं मिनी-यूएसबी सॉकेट सीरियल पोर्टचं आहे, तिथे काही सापडणार नाही). संगणकावर क्वार्टस प्रोग्रॅमर हे सॉफ्टवेअर टाका, तो फुकट मिळतो. मग ‘जेटॅगकॉन्फिग’ ही आज्ञा द्या. खऱ्या बोर्डावर दोन ओळी येतात: पहिली ४बीए००४७७, हा एआरएमचा भाग, दुसरी ०२डी०२०डीडी, हा ए६ जातीचा सायक्लोन ५, म्हणजे १,१०,००० लॉजिक एलिमेंट. हा क्रमांक सिलिकॉनमध्येच कोरलेला असतो. चिपचा माथा घासून नवी छपाई केली तरी तो बदलत नाही. काही क्लोन बोर्डांवर ब्लास्टर नसतो, तिथे जेटॅगच्या पिनांना बाहेरचा लावावा लागतो. पैसे देण्याआधी मागायची एकच गोष्ट असेल तर ती ही: या आज्ञेचा स्क्रीनशॉट, शेजारी त्याच दिवशीचं वर्तमानपत्र. ज्याच्याकडे खरा बोर्ड आहे त्याला पाच मिनिटं लागतात. ज्याच्याकडे नाही तो दोन दिवस ‘टेक्निशियन गावाला गेलाय’ सांगत राहतो.

केबल नसेल तर दुसरा मार्ग. मिस्टरच्या मुख्य मेनूत असताना एफ९ दाबा, लिनक्सचा टर्मिनल उघडतो. नाव ‘रूट’, पासवर्ड ‘१’. तिथे ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘सीपीयूइन्फो’ फाइल वाचा. सीपीयू पार्टसमोर शेवटी ‘सी०९’ हवं, तो कॉर्टेक्स-ए९. ‘डी०३’ आलं तर कॉर्टेक्स-ए५३, ‘डी०८’ आलं तर ए७२, आणि मग बाकीची चर्चा व्यर्थ. मेमरी पाहिलीत तर लिनक्सच्या वाट्याला पाचशे एमबीच्या आसपास दिसायला हवी, कारण बोर्डावरच्या एक जीबीपैकी निम्मी मिस्टरच्या ‘कोर’साठी, म्हणजे एकेका जुन्या यंत्राच्या सर्किटासाठी, राखलेली असते. कार्डावर ‘आरबीएफ’ शेपटीच्या फाइली आहेत का तेही बघा, नावात तारीख असलेल्या. एफपीजीएमध्ये ओतलं जातं ते सर्किट या फाइलींत असतं. त्या नसतील आणि नुसती गेमची फोल्डरं असतील तर आत एमुलेटर आहे. फाइली आहेत म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. त्या कुणीही फुकट उतरवून कार्डावर टाकू शकतो.

फसवणुकीची दुसरी जात जरा हुशार. एफपीजीए खरा, पण लहान. डीई०-नॅनो-एसओसी हा बोर्ड डीई१०-नॅनोचा थोरला भाऊ शोभावा इतका सारखा दिसतो. त्यावर ए४ जातीची चिप असते, ४०,००० लॉजिक एलिमेंटची, आणि एचडीएमआय सॉकेट नसतं. नुसता डीई०-नॅनो तर आणखी जुना, २२,००० एलिमेंटचा सायक्लोन ४. दोन्ही शिकायला उत्तम आहेत, पण मिस्टरचे कोर त्यांच्यावर चालत नाहीत, कारण ‘आरबीएफ’ फाइल एका ठरावीक चिपसाठीच बनलेली असते. फोटोत एचडीएमआय सॉकेटची कड झाकलेली असली तर हटकून त्याच बाजूचा फोटो मागा.

नावांचा घोळ वेगळाच. २०२४ मध्ये ‘मिस्टर पाय’ नावाचा क्लोन बोर्ड ९९ डॉलरला आला. त्याचा रास्पबेरी पाय या छोट्या एआरएम संगणकाशी काडीचाही संबंध नाही, आत सायक्लोन ५ आहे आणि काम चोख. म्हणजे क्लोन ही फसवणूक नव्हे. फसवणूक दोन ठिकाणी होते: क्लोन देऊन मूळ बोर्डाचे दुप्पट पैसे घेतले तर, किंवा या नावाचा फायदा घेऊन खरोखरच रास्पबेरी पाय टेकवला तर. दुसरा प्रकार बघताना हसू येतं, पैसे आपले नसले तर.

मेमरीचा खेळ सर्वांत सोपा, कारण तो लगेच कळत नाही. मिस्टरला ४० पिनांच्या पट्टीवर बसणारं एसडीरॅमचं वेगळं कार्ड लागतं, ३२, ६४ किंवा १२८ एमबीचं. १२८ च्या कार्डावर ६४ एमबीच्या दोन चिपा असतात. लबाडी दोन तऱ्हेने होते: ३२ चं कार्ड १२८ म्हणून देतात, नाहीतर काढलेल्या, मंद चिपा डकवतात. मग गेम अर्धा तास नीट चालतो आणि अचानक चित्रात कचरा येतो, आणि विक्रेता म्हणतो टीव्ही खराब आहे. मिस्टरमध्येच ‘मेमटेस्ट’ कोर आहे. तो उघडला की मेमरीचा आकार एका अंकात दिसतो: ० म्हणजे कार्डच सापडलं नाही, १ म्हणजे ३२ एमबी, २ म्हणजे ६४, ३ म्हणजे १२८. पैसे १२८ चे आणि पडद्यावर १, तर तिथेच फोटो काढा. मग ‘ए’ कळ दाबून ऑटो चाचणी लावा. ती सर्वांत वरच्या फ्रीक्वेन्सीपासून सुरू होते आणि चूक सापडली की एकेक पायरी उतरते. दहा मिनिटं ही घाईची चाचणी, खात्री हवी तर एक-दोन तास. १३० मेगाहर्ट्झच्या खाली घसरलं तर कार्ड परत. चाचणी केस बंद करून घ्या. उघड्या हवेत पास होणारी चिप डब्यात तापली की नापास होते.

आणि मुळात १२८ हवं कशाला? कमोडोर ६४ मध्ये नावाप्रमाणे ६४ केबी होते. स्पेक्ट्रम, सी६४ आणि अमिगा ५०० यांना ३२ एमबी पुरून उरतं. १२८ लागतं ते निओ जिओ या गेमच्या यंत्राच्या मोठ्या गेमना. फक्त घरगुती संगणक वापरायचे असतील तर हे जादाचे पैसे खऱ्या मालावरही वाया जातात.

कार्डाचं तेच. २५६ जीबी छापलेलं आणि खरं १६ चं, हा जुना उद्योग. खरी जागा तपासायला विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ हे प्रोग्रॅम आहेत. पण आधी कार्डाची पूर्ण इमेज काढून ठेवा. खोट्या कार्डावर खरी जागा संपली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो, म्हणजे चाचणीच तुमच्या फाइली खाऊन टाकते. ‘दहा हजार गेम भरून’ या शब्दांना तर किंमतच नाही. स्पेक्ट्रमची रॉम एमुलेटरसोबत वाटायला अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये परवानगी दिली, पण अमिगा सुरू करणारी किकस्टार्ट रॉम अशी मोकळी नाही, ती क्लोआंटो कंपनीकडून रीतसर विकत मिळते. विक्रेत्याने कार्डावर टाकली म्हणून ती तुमची होत नाही.

एक सूचना फसवणुकीपेक्षा नुकसानीची. काही जण ‘ओरिजिनल स्पेक्ट्रम अडॅप्टर’ जोडीला विकतात. तो ९ व्होल्टचा आणि मधली पिन ऋण. डीई१०-नॅनोला ५ व्होल्ट, २ अँपिअर लागतात आणि मधली पिन धन. तो अडॅप्टर या बोर्डाला लावला की बोर्ड गेला. पहिल्यांदा जोडण्याआधी मल्टिमीटर लावाच.

आता जे फसवणूक नाही ते. स्पेक्ट्रमचं चित्र सेकंदाला ५०.०८ वेळा बदलतं आणि टीव्ही ६० वर चालतो, म्हणून सरकणारं चित्र झटके खातं. त्यावरून ‘एमुलेटर दिला’ म्हणून भांडू नका. मिस्टरच्या आयएनआय फाइलमध्ये ‘व्हीसिंक अ‍ॅडजस्ट’ २ करा. काही टीव्ही ५०.०८ घेत नाहीत आणि पडदा काळा होतो, मग ० वर या.

सी६४ वाल्यांसाठी एक खास सापळा. एफपीजीएच्या काही सी६४ बोर्डांवर सी६४ चा आवाज काढणाऱ्या खऱ्या सिड चिपसाठी (६५८१ किंवा नंतरची ८५८०) सॉकेट असतात, आणि ‘नवी, न वापरलेली ६५८१’ म्हणून घासून छापलेल्या चिपा सर्रास विकल्या जातात. तारखेचा कोड बघा: आधी आठवडा, मग साल. ४८९२ म्हणजे १९९२ चा ४८ वा आठवडा. कमोडोरचं दिवाळं १९९४ च्या एप्रिलमध्ये वाजलं, त्यामुळे नंतरचं साल असेल तर बोलायलाच नको. दहाच्या दहा चिपांवर एकच कोड, तोही कोरा करकरीत, हेही वाईट लक्षण. कापसाला अ‍ॅसिटोन लावून माथ्यावर घासा, बोळा काळा झाला की रंग वरून दिलेला आहे. आणि चिप बसवण्याआधी सॉकेटच्या पिन २८ आणि १४ मध्ये व्होल्टेज मोजा: ६५८१ ला १२, ८५८० ला ९. बारावर बसवून ८५८० जळाली तर ‘तुम्हीच जाळली’ हे उत्तर ठरलेलं, आणि या वेळी विक्रेता खरं बोलत असेल.

आगाऊ बुकिंगबद्दल थोडक्यात. उशीर म्हणजे फसवणूक नव्हे. स्पेक्ट्रमचा नवा अवतार असलेल्या स्पेक्ट्रम नेक्स्टसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टर या वर्गणीच्या साइटवर ७ लाख पाउंडांहून अधिक जमले. यंत्र जानेवारी २०१८ ला द्यायचं होतं, हातात आलं २०२० मध्ये. पण त्याचा पाया असलेला ब्राझीलचा टीबीब्लू बोर्ड मोहिमेआधीच चालत होता. २०१६ च्या वेगा प्लस या हातात धरायच्या स्पेक्ट्रमला ५ लाखांवर पाउंड मिळाले, मोजक्याच लोकांना यंत्र गेलं आणि कंपनी २०१९ मध्ये गुंडाळली गेली. त्यामुळे विचारायचं ते इतकंच: आज चालणारा बोर्ड कुठे आहे, आणि आराखडे व कोड उघडे आहेत का. मिस्टरचे बहुतेक कोर जीपीएल या, कोड खुला ठेवायला लावणाऱ्या, परवान्याखाली आहेत. त्यात बदल करून विकणारा कोड द्यायला नाही म्हणत असेल तर तो परवानाही मोडतो आहे.

पैसे यूपीआयने थेट खात्यात कधीच देऊ नका, विक्रीच्या साइटवरूनच द्या. ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आठ हजार पाठवा’ असा निरोप विक्रेत्याकडून आला तर ती फसवणुकीची दुसरी खेप आहे. ड्यूटी कुरिअर कंपनी पावती देऊन घेते. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, खातं गोठवायला तासांचा फरक पडतो. माल चुकीचा आला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ सलग हवा, सील दिसण्यापासून जेटॅगच्या ओळी दिसेपर्यंत, मध्ये न तोडता. आणि डबा परत पाठवताना कार्डाची इमेज आपल्याकडे ठेवा: आत ‘आरबीएफ’ नव्हती हे दाखवायला तेवढंच उरतं.