निकाल मुळातून वाचायची सोय : सर्वोच्च न्यायालयाचं थेट प्रक्षेपण आणि ई-एससीआर

गिरगावात आमची तीन मजली चाळ आहे. आजोबांनी बांधलेली, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी), एकवीस बिऱ्हाडं, सगळी पागडीची. खोलीचं भाडं महिना ९२ रुपये, आणि पावतीपुस्तक अजून मीच लिहितो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कुठल्या बाजूने बोलतोय ते कळेल. मी जुन्या विचारांचा माणूस. माणसाचं घर, जमीन, कमाई यांत सरकारनं फार जपून हात घालावा असं मानणारा. ज्याच्या डोक्यावरचं छप्परच सरकारच्या मर्जीवर आहे, तो माणूस सरकारविरुद्ध मोकळेपणानं बोलणार कसा? १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तो आता कलम ३००-अ मध्ये नुसता कायदेशीर हक्क म्हणून उरला आहे. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

५ नोव्हेंबर २०२४ ला 'प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र सरकार' या खटल्याचा निकाल लागला. हा खटला आमच्यासारख्या चाळींचाच, १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून होता. म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण) कायद्यात १९८६ साली आठ-अ हे प्रकरण घातलं गेलं. ७० टक्के रहिवाशांच्या सोसायटीनं मागणी केली, तर सरकार इमारत संपादित करून त्यांना देऊ शकतं, आणि मालकाला मोबदला मिळतो महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. म्हणजे आमच्या एका खोलीचे ९,२०० रुपये.

निकालाच्या संध्याकाळी एका वाहिनीवर पट्टी फिरत होती की आता खासगी मालमत्ता सरकारला घेताच येणार नाही. सहा चौकटींत सहा जण तावातावानं बोलत होते. निकालाचा कागद एकाच्याही हातात नव्हता. दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या काकू जिना चढून वर आल्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याच खोलीत आहेत. दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, आता आम्हाला बाहेर काढणार का हो तुम्ही?"

माझ्या पोटात कालवलं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, न्यायालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला निकाल उघडला आणि जमेल तसं मराठीत सांगत गेलो. नऊपैकी सात न्यायमूर्तींच्या वतीनं तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड लिहितात की प्रत्येक खासगी मालमत्ता ही कलम ३९-बी मधली 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती', म्हणजे सर्वांच्या हितासाठी जिची वाटणी व्हावी असं ते कलम सांगतं ती, ठरत नाही. काही ठरू शकते. ती कशा प्रकारची आहे, तिचा समाजाच्या हितावर काय परिणाम होतो, ती किती दुर्मीळ आहे आणि मोजक्या हातांत एकवटली तर काय होईल, हे बघून ते ठरवायचं. आणि आठ-अ प्रकरण घटनेला धरून आहे की नाही, हे या पीठानं ठरवलेलंच नाही. काकूंनी तेवढंच पुन्हा विचारलं, "म्हणजे आमच्या खोलीचं आज काहीच बदललं नाही?" नाही म्हटल्यावर त्यांनी चहा घेतला.

माझ्या मते सर्वोच्च न्यायालयाच्या या ऑनलाइन सेवेची किंमत एवढ्यातच कळते. पैसे नाहीत, नोंदणी नाही, मध्ये कोणी सांगणारा नाही. घटनापीठांचं थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ ला सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी त्यात आपल्या राज्यातल्या शिवसेनेच्या वादाची सुनावणी होती. युक्तिवादांची लेखी प्रत द्यायलाही त्याच वादापासून, २१ फेब्रुवारी २०२३ ला, सुरुवात झाली. मला स्वतःला चित्रफितीपेक्षा लेखी प्रत सोयीची वाटते. सगळं कामकाज इंग्रजीत, आणि वकील 'अमुक पान, तमुक परिच्छेद' म्हणतात तेव्हा तो कागद आपल्यापुढे नसतो. लेखी प्रतीत थांबता येतं, मागे जाता येतं. निकालांची मराठी भाषांतरं मात्र खूप वाढायला हवीत. काकूंना माझी गरज पडायला नको होती.

खरा खजिना ई-एससीआर, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या अधिकृत खंडांची ऑनलाइन आवृत्ती. २ जानेवारी २०२३ ला सुमारे ३४,००० निकाल सर्वांना फुकट खुले झाले. पूर्वी हे जाड खंड वकिलाच्या कपाटात लांबूनच बघायचे. मी पहिल्यांदा उघडला तो २८ एप्रिल १९७६ चा, आणीबाणीतला. सरकारनं कोठडीत टाकलेल्या माणसाला कोर्टाचं दार बंद, असं चार न्यायमूर्ती म्हणाले, आणि एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. त्यांचं ते विरोधी मत मी दोन रात्री जागून वाचलं. मग २४ ऑगस्ट २०१७ चा खासगीपणाचा निकाल काढला. १९७६ च्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते, आणि तो निकाल चुकीचा होता असं लिहिणारे त्यांचेच चिरंजीव धनंजय. वाचताना अंगावर काटा आला.

आमच्या विचाराच्या मंडळींवर माझा थोडा राग आहे. निकालानंतर 'समाजवाद गाडला' असे संदेश फिरले. पण याच निकालात नऊही न्यायमूर्तींनी, १९७३ च्या केशवानंद खटल्यात जेवढं उरलं तेवढं कलम ३१-सी (३९-बी साठी केलेल्या कायद्यांना संरक्षण देणारं) कायम असल्याचं म्हटलंय. न्या. धुलिया यांचं विरोधी मतही वाचा. साधनसंपत्ती कशाला म्हणायचं ते विधिमंडळावर सोडावं, असं ते म्हणतात. मला पटलं नाही, पण त्याला उत्तर शोधताना माझंच म्हणणं मला नीट मांडता यायला लागलं. न्या. नागरत्ना यांनी खासगी मालमत्ताही साधनसंपत्तीत येते या न्या. कृष्ण अय्यर यांच्या १९७७ च्या मताची बाजू ज्या आदरानं सांभाळली आहे, तो आदर आमच्या गटांत दिसत नाही.

आठ-अ चा फैसला आता लहान पीठापुढे व्हायचा आहे. काकूंनी जाताना सांगून ठेवलंय, तारीख लागली की हाक मारा, मीही ऐकायला बसते.