सेक्शन एटचा भाडेकरू ठेवावा का? न्यू जर्सीतल्या एका घरमालकिणीचा अनुभव

आपल्या लोकांपैकी कुणी गुंतवणूक म्हणून दुसरं घर घेतलं की थोड्याच दिवसांत ग्रुपवर प्रश्न येतो, "सेक्शन एटवाल्यांचे फोन येतायत, काय सांगू?" उत्तरंही ठरलेली असतात. एक जण म्हणतो, "सरकारचे पैसे आहेत, डोळे मिटून हो म्हण." दुसरा म्हणतो, "घराची वाट लावतील." आमच्या टू-फॅमिली घराचा खालचा मजला गेली काही वर्षं व्हाउचरवरच्या कुटुंबाकडे आहे, आणि मला दोघांचंही पटत नाही. सरकारचे पैसे सुरुवातीला वेळेवर आले नव्हते. आणि घराची वाट लावून गेला तो आमचा आधीचा भाडेकरू, चांगला सहा आकडी पगार घेणारा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घरभाड्यासाठी मदत करणारी ही सरकारी योजना. अमेरिकेच्या १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यात १९७४ साली जे आठवं कलम आलं, ते हे सेक्शन एट. आता त्याचं अधिकृत नाव हाउसिंग चॉइस व्हाउचर. पैसा केंद्र सरकारचा, कारभार स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटीच्या कचेरीचा. सरकारी चाळीत खोली मिळते असं नाही. बाजारात जी घरं भाड्याने आहेत त्यांतलंच एक कुटुंबाने शोधायचं, मालकाने हो म्हणायचं, आणि भाड्याचा मोठा वाटा कचेरीने थेट मालकाच्या खात्यात भरायचा.

किती, ते उदाहरणाने सांगते. समजा वजावटी काढून कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न २,४०० डॉलर धरलं गेलं. मुलांच्या पाळणाघराचा खर्चसुद्धा या वजावटीत बसतो, हे फार चांगलं आहे. त्याचे ३० टक्के म्हणजे ७२० डॉलर कुटुंबाचे. घरभाडं १,८५० आहे आणि वीज-गॅसचे अंदाजे १५० भाडेकरू स्वतः भरणार, म्हणजे एकूण २,०००. आणि त्या भागासाठी कचेरीने ठरवलेली मर्यादाही तेवढीच आहे असं धरू. मग कचेरी मालकाला १,२८० देते आणि भाडेकरू ५७०. वीज-गॅसचे १५० भाडेकरूच्या ७२० च्या वाट्यातून आधीच वजा झालेले असतात. हा हिशोब आमच्या ह्यांना समजवायला मला अख्खी संध्याकाळ लागली, आणि ते अकाउंट्समध्ये आहेत.

आता खरी परवड कुठे आहे ते. ही सोय पात्र असणाऱ्या प्रत्येकाला मिळते असं नाही. अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, दरवर्षी जेवढे पैसे मंजूर करेल तेवढीच व्हाउचरं, त्यामुळे देशभरात पात्र कुटुंबांपैकी साधारण चारांत एकालाच भाड्यासाठी सरकारी मदत मिळते. बाकीचे प्रतीक्षायादीत, आणि पुष्कळ ठिकाणी ती यादीही बंद. उघडली की सोडत. आमची भाडेकरू घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करते, होम हेल्थ एड. तिने नाव घातलं तेव्हा थोरला बाबागाडीत होता, नंबर लागला तेव्हा तो मिडल स्कूलमध्ये. आणि नंबर लागला म्हणजे घर मिळालं असंही नाही. व्हाउचर हातात आल्यावर घर शोधायला किमान ६० दिवस देतात, मुदतवाढ मागावी लागते, आणि मुदतीत कुणी घर दिलं नाही तर इतक्या वर्षांची वाट फुकट. ती मला सांगत होती, फोनवर "व्हाउचर" म्हटलं की समोरून "घर गेलं" असं उत्तर यायचं. जाहिरात मात्र दुसऱ्या दिवशीही तिथेच.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण आपल्यातले बरेच जण हे सर्रास करतात. न्यू जर्सीत भाडं कुठल्या कायदेशीर मार्गाने येणार यावरून भाडेकरू नाकारणं बेकायदा आहे. जाहिरातीत "सेक्शन एट नको" लिहिणं तर स्वतःच्या हाताने पुरावा देणं. इतर सगळ्या राज्यांत असा कायदा नाही, पण तुम्ही इथे आहात.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती सुरुवातीच्या कारभाराची. कचेरीचं नाव लिहीत नाही. आधी अर्जाची कागदपत्रं, मग आसपासच्या तशाच घरांशी तुलना करून भाडं वाजवी आहे का ते तपासणं, मग इन्स्पेक्शन. पहिल्या तपासणीत घर नापास: तळघराच्या जिन्याला कठडा नाही, एका खिडकीची कडी लागत नाही, सिंकजवळचं विजेचं सॉकेट जुन्या पद्धतीचं. घर १९७८ च्या आधीचं आणि तिचा धाकटा सहा वर्षांच्या आतला, म्हणून उडालेल्या रंगाकडेही, जुन्या रंगात शिसं असेल या भीतीने, बारकाईने पाहिलं. यात मला काहीच गैर वाटत नाही. उलट हे नियम सगळ्याच भाड्याच्या घरांना हवेत. कठडा, कडी, सॉकेट दोन दिवसांत झालं. फेरतपासणीची तारीख मिळायला मात्र आठवडेच्या आठवडे गेले. घर पास होईपर्यंत एक डॉलर सुरू होत नाही. आमचा महिना बुडाला, ठीक आहे, आम्ही सोसू शकतो. पण ती तेवढे दिवस दोन मुलांना घेऊन बहिणीच्या हॉलमध्ये झोपत होती, आणि फोन केला की व्हॉइसमेल. मध्येच तिची फाइल दुसऱ्या बाईंकडे गेली, तेव्हा सगळे कागद पुन्हा. गरिबांसाठीच्या योजनेत वेळ गरिबांचाच खर्च होतो, हे मी तेव्हा पाहिलं.

एकदा गाडी रुळावर आली की मात्र तक्रारीला जागा नाही. पहिले पैसे उशिरा आले तरी घर पास होऊन करार सुरू झाल्यापासूनचे सगळे आले. मध्ये ती ज्यांची सेवा करायची त्यांतले एक आजोबा वारले, कामाचे तास कमी झाले. तिने उत्पन्न कमी झाल्याचं कळवलं, तिचा वाटा खाली आला, कचेरीचा वर गेला, माझ्या खात्यात एकूण रक्कम तीच. व्हाउचर नसतं तर त्या महिन्यांत एक तर मी थकलेलं भाडं मागत बसले असते किंवा ती घर सोडून गेली असती. मुलाची शाळा बदलली नाही, मला नवा भाडेकरू शोधावा लागला नाही. या एका कारणासाठी मी या योजनेला मत देईन. उलट बाजूही आहे. तास वाढले की वाटाही वाढतो. ती म्हणते, जास्तीची पाळी घेतली तर हातात काय उरतं याचा विचार करावा लागतो.

मालकांनी लक्षात ठेवायच्या काही गोष्टी. भाडेकरू कसा आहे याची हमी कचेरी देत नाही. आधीच्या मालकांना फोन करणं वगैरे तुमचं काम, आणि ते इतर कुणासाठी कराल तितकंच करा. डिपॉझिट व्हाउचरमधून येत नाही. न्यू जर्सीत ते दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, पण या कुटुंबांना तेही एकरकमी जड जातं. आम्ही हप्त्याने घेतलं. ठरलेल्या भाड्यावर "वरचे शंभर रोख दे" हा प्रकार चालत नाही, पकडलं तर महागात पडेल. घराची दुरुस्ती तुम्ही केली नाही आणि तपासणीत नापास झालात, तर कचेरी आपला वाटा थांबवते आणि तो भाडेकरूकडून वसूल करता येत नाही. आणि हो, एका काकांनी मला हळूच विचारलं होतं: आई ग्रीन कार्डवर आहे, तिला व्हाउचर मिळालं तर माझंच दुसरं घर तिला देता येईल का? नाही. आई-वडील, मुलं, नातवंडं, भावंडं यांना आपलं घर या योजनेत देता येत नाही. अपंगत्वामुळे गरज असेल तरच अपवाद.

पाचपैकी किती? पैशांच्या नियमिततेला पाच, तपासणीच्या नियमांना चार, कचेरीच्या फोनला एक. भाडं वाढवायचं तर ६० दिवस आधी कळवावं लागतं. यंदा आम्ही मागितलं त्यापेक्षा थोडं कमीच मंजूर झालं, तरी करार पुढे चालू ठेवला. वरचा मजला उन्हाळ्यात रिकामा होतोय. जाहिरातीच्या आधीच जिना, कड्या, सॉकेटं, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बघून घेणार आहे, म्हणजे व्हाउचरवाल्या कुणाचा फोन आला तर फेरतपासणीची तारीख मागत बसायला नको.