डोक्यावरची एफनिर्स टोपी: बडोद्याच्या केसांवर आणि बडोद्याच्या उन्हात

एफनिर्स म्हणजे मेंदूच्या रक्तातला ऑक्सिजन अवरक्त प्रकाशाने बाहेरून मोजायची पद्धत. ८ प्रकाशस्रोत, प्रकाश टिपणारे ८ डिटेक्टर, त्यांच्या जोड्यांतून जुळणारे २० चॅनेल, कमरेला लावायचा छोटा डबा आणि लॅपटॉपशी बिनतारी जोडणी, अशी ही टोपी आहे. यंत्र उत्तम आहे. पण आलेख चांगला येतो की नाही, हे यंत्रापेक्षा टोपी घालणाऱ्या हातांवर ठरतं आणि विकणारे नेमकं तेच सांगत नाहीत.

तत्त्व जुनंच आहे. जिवंत मेंदूतला ऑक्सिजन अवरक्त प्रकाशाने बाहेरून मोजता येतो, हे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवलं. इथे ७६० आणि ८५० नॅनोमीटरचे एलईडी आहेत. पहिला प्रकाश ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन जास्त शोषतं, दुसरा ऑक्सिजन असलेलं. स्रोत आणि डिटेक्टर यांत ३० मिलिमीटर अंतर ठेवलं की त्वचेपासून साधारण दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतचं समजतं, म्हणजे मेंदूचा फक्त वरचा थर. त्याहून खोलचं कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणावं.

खरी कसोटी केसांची. काळे, दाट केस प्रकाश गिळतात. डोक्याला लावलेलं खोबरेल प्रकाश फारसा अडवत नाही, पण केसांच्या चिकट चपट्या बटा होतात आणि त्या नेमक्या डिटेक्टरच्या टोकाखाली अडकतात. शिवाय टोकावर तेलाचा थर साचतो तो वेगळाच. दांडिया बाजारातल्या एखाद्या आजी अंबाडा घालून आल्या, तर तो आधी सोडवून केस मोकळे करावे. आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता, पूर्ण वाळवून यायला सांगावं. टोपी चढवली की एकेक भोक घ्यावं, कापसाच्या काडीच्या बोथट टोकाने केस गोल फिरवत बाजूला सारावेत, त्वचा दिसली की मगच ऑप्टोड (म्हणजे स्रोत किंवा डिटेक्टर) बसवावा. एका भोकाला अर्धा मिनिट तरी लागतो. घाई केली की तेच भोक पुन्हा उघडावं लागतं. कपाळावरची टिकली किंवा कुंकू पुसायचं राहिलं, तर तिथला चॅनेल गेलाच समजा.

माप घेताना नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप धरावी. दोन्हींचा मध्य जिथे मिळतो तिथे टोपीचं सीझेड, म्हणजे माथ्याच्या मध्याची खूण, यायला हवं. टोपी सैल असेल तर मान हलली की आलेखात उडी दिसते; घट्ट असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत कपाळ दुखायला लागतं आणि माणूस चुळबुळ करतो, म्हणजे पुन्हा तीच उडी. सुरुवातीला प्रत्येक चॅनेलमध्ये नाडीची लाट, सेकंदाला साधारण एक, स्पष्ट दिसते का ते पाहावं. ती नसेल तर तो चॅनेल त्वचेला टेकलेलाच नाही. सॉफ्टवेअरचा हिरवा दिवा यासाठी पुरेसा नाही.

स्रोत आणि डिटेक्टर यांत फक्त ८ मिलिमीटर अंतर असलेले शॉर्ट चॅनेल वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात. ते घ्याच. टाळूच्या कातडीतलं रक्त मेंदूसारखंच चढतं-उतरतं आणि सेकंदाला ०.१ फेऱ्यांची रक्तदाबाची लाट तर हमखास घात करते. शॉर्ट चॅनेल हे वरवरचं रक्त मोजतात, म्हणून ते वजा करता येतं. चाचणीत माणसाला दिलेलं काम २० सेकंद आणि मधली विश्रांती नेहमी तेवढीच ठेवली, तरी ही लाट कामाशी ताल धरू शकते. म्हणून विश्रांती २० ते ३० सेकंदांत अनियमित ठेवावी. खरा प्रतिसाद ५-६ सेकंदांनी चढतो: ऑक्सिजनयुक्त वर, ऑक्सिजनविरहित थोडं खाली. दोन्ही एकत्र वर गेले तर आधी हालचालीचा संशय घ्यावा.

मे महिन्यात उन्हातून आलेल्या माणसाला लगेच बसवू नये. कातडीतला रक्तप्रवाह वाढलेला असतो आणि घामाने ऑप्टोड सरकतात. एसीत पंधरा-वीस मिनिटं थांबवावं. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन डिटेक्टरला आंधळं करतं, तेव्हा पडदा ओढूनही वर काळी टोपी चढवावी. ती सोबत मिळते.

‘क’पासून सुरू होणारे शब्द सांगा, ही चाचणी बडोद्याच्या मराठी माणसाला दिली तर मध्येच गुजराती शब्द येतात. ते धरायचे की नाही, हे आधीच ठरवून ठेवावं. बोलताना कानशिलाचा स्नायू हलतो आणि तिथले ऑप्टोड ढकलतो, म्हणून तुलनेसाठी आठवड्याचे वार मोठ्याने म्हणायला लावावेत.

डेटा स्निर्फ या एफनिर्सच्या प्रमाणित स्वरूपाच्या फाईलमध्ये मिळतो, त्यामुळे होमर३ किंवा एमएनई-निर्स या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडतो; ही मोठी सोय आहे. टोपी कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी, उन्हात इलास्टिक सैल पडतं. ऑप्टोड काढून ठेवल्याशिवाय मात्र पाण्याला हात लावू नये.