लंबकाचा संच: गोळे उत्तम, दोरा फसवा

मुलीसाठी मागवला, पण रविवारभर मीच खेळत बसलो. पितळी गोळा काढून त्याच मापाचा लाकडी लावला, लांबी तीच, १ मीटर. दोन्ही वेळा २० झोके साधारण ४० सेकंदांत! "बाबा, तुमचं घड्याळ बिघडलंय," इति कन्या. मग लांबी २५ सेंटिमीटर केली, तर २० सेकंद. लांबी पाव, वेळ निम्मा. लाकडी गोळा हवेमुळे लवकर मंदावतो, एवढाच फरक.

वैताग आणला तो नायलॉनच्या दोऱ्याने. गाठ सरकते, लांबी वाढते, आकडे बदलतात. शेवटी सुती दोरा ओवला. आणि लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, हे माहितीपत्रकात नाहीच. तासभर त्यातच गेला. झोका मात्र लहानच द्या, फार ओढून सोडलात तर वेळ वाढतो.